डोकी मोजता, अंतर कोण मोजणार?

गावच्या मुंबई मंडळाची बैठक दादरला झाली, तिचं रेकॉर्डिंग चुलतभावाने मला पाठवलं. विषय होता वरच्या वाडीतली मराठी शाळा. सात मुलं, दोन गुरुजी. ती बंद करून मुलं खालच्या शाळेत न्यायची असं चाललं आहे, त्यावर मंडळाने काय भूमिका घ्यायची? एक जण उठले आणि म्हणाले, "गावात माणसंच उरली नाहीत. मग शाळा, रस्ता, दवाखाना मागायचा तरी कोणासाठी? सात पोरांवर दोन पगार म्हणजे पैसा पाण्यात." त्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे आमच्याच भावकीतले, डोंबिवली-विरारला स्थिरावलेले, त्याच शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर बसून बाराखडी गिरवलेले.

त्या टाळ्यांचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी राहतो त्या जपानमधल्या शिमाने प्रांतात 1955 साली सव्वानऊ लाखांहून जास्त माणसं होती. 2020 च्या जनगणनेत 6,71,126 भरली. चौरस किलोमीटरला शंभर. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची घनता 2011 मध्ये 197 होती, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तरीही इथे, शिमानेतल्या उन्नान गावच्या डोंगरात, हिवाळ्यातल्या सकाळी मी गाडी काढतो तेव्हा रस्त्यावरचा बर्फ बाजूला झालेला असतो. वरच्या घरातली आजी फोन करते, देमांड बस दाराशी येते, तिला दवाखान्यात नेते आणि परत सोडते. "तुम्ही थोडीच आहात, मग कशाला हवं?" असं तिला शियाकुशोत, म्हणजे नगरपालिकेत, कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता आपल्याकडचे आकडे बघू. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात आणि कोकण ओस पडलं हे सांगायला ते कायम पुढे केले जातात. पण त्याच दशकात महाराष्ट्रात आणखी एका जिल्ह्याची लोकसंख्या घटली आणि टक्केवारीने ती घट या दोघांपेक्षा मोठी होती. तो जिल्हा म्हणजे मुंबई शहर. 33,38,031 वरून 30,85,411. तिथली माणसं साडेसात टक्क्यांनी कमी झाली म्हणून परळचं केईएम बंद करा असं कोणी म्हटलं का? उलट समुद्रात भराव टाकून कोस्टल रोड बांधला. तो बांधू नये असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणसं कमी झाली म्हणून सोयी काढून घ्या हा नियम फक्त ज्यांचा आवाज दादरपर्यंत पोचत नाही त्यांनाच लागतो.

आणि माणसं गेली कशी? रत्नागिरीत 2011 मध्ये हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. याचा अर्थ एवढाच, की कमावते पुरुष बाहेर होते. आमच्या पणजोबांच्या पिढीपासून मुंबईच्या गिरण्यांना हात कोकणाने पुरवले, आणि मनीऑर्डरवर जिल्हा चालला. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण माणसं परतली नाहीत, कारण परतावं असं गावात काही उभं राहिलेलं नव्हतं. आधी सोय नव्हती म्हणून माणूस गेला, आता माणूस नाही म्हणून सोय नको. हे चक्र ज्यांनी स्वतः भोगलं, त्यांनीच त्यावर टाळ्या वाजवाव्यात याचं मला फार वाईट वाटतं.

जनगणना खात्याची जिल्हा पुस्तिका असते. तिच्यात गावोगावच्या सोयींची यादी असते: शाळा, दवाखाना, पाणी, टपाल, रस्ता, वीज. 2011 च्या पुस्तिकेत मी आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या गावाची ओळ शोधून काढली. जी सोय गावात नाही तिच्या रकान्यात एक अक्षर असतं. पाच किलोमीटरच्या आत असेल तर ए, पाच ते दहा असेल तर बी, दहाच्या पुढे सी. रुग्णालयाच्या रकान्यात आमच्या गावापुढे सी आहे. अकरा किलोमीटर असो की चाळीस, सीच. शिवाय ते अंतर गावापासून धरलेलं, वाडीपासून नव्हे. वरच्या धनगरवाड्यातून खाली डांबरी रस्त्यावर यायला चांगल्या चालणाऱ्याला तास लागतो, आणि आजारी माणसाला चार जणांनी डोलीतून आणावं लागतं, हे त्या अक्षरात कुठेच नाही.

कोकणातलं गाव म्हणजे वाड्या, हे घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं, पण मंडळातल्या माणसांना तरी सांगायची पाळी येऊ नये. देशावर गावठाणात घराला घर लागून असतं, हजार माणसं एका हाकेत. आमच्याकडे तेच हजार दहा-बारा वाड्यांत, मधे पऱ्या म्हणजे ओढा, मधे सडा. आणि निकष सगळे डोक्यांवर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली आली, तिच्यात 2001 च्या जनगणनेप्रमाणे पाचशे लोकवस्तीची अट, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागात अडीचशेची. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक, डोंगरी भागात तीन हजारांमागे. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागे, नाहीतर वीस हजारांमागे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांचं अनुदान राज्याराज्यांत वाटताना नव्वद टक्के वजन लोकसंख्येला दिलं आणि क्षेत्रफळाला दहा. साठ माणसांची वाडी या गणितात कुठे बसणार? खरं तर साठच माणसं, तीही म्हातारी आणि विखुरलेली, म्हणून एकेकापर्यंत पोचायला जास्त लागतं.

पाण्याचंही तेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा आमचा जिल्हा, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं, विहिरी तळ गाठतात. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटरचा हिशेब केला जातो. मेमध्ये चाकरमानी उतरले की गाव दुप्पट-तिप्पट होतं, ते 55 लिटर कोणाच्या डोक्याने काढले? गेल्या वेळची जनगणना फेब्रुवारीत झाली, तेव्हा शिमगा यायचा होता. आता 2027 च्या मोजणीचा संदर्भ दिवस 1 मार्च आहे, तेव्हाही शिमगा पुढेच असेल. ज्यांची घरं गावात आहेत, घरपट्टी गावात भरतात, मानाची पालखी ज्यांच्या दारी येते, ते सगळे दुसरीकडे मोजले जाणार.

मोजणीची किंमत फक्त नळाच्या पाण्यात नसते. 2008 च्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या सात जागांच्या पाच झाल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ गेले. आमच्या तालुक्याच्या नावाचा आमदार आता नाही. इथे शिमानेचंही तसंच झालं. 2016 पासून वरच्या सभागृहासाठी शिमाने आणि शेजारचं तोत्तोरी मिळून एकच मतदारसंघ आहे. पण इथे त्यावर लोक उघड चिडतात. आपल्याकडे "माणसं कमी, मग जागा कमी" म्हणून गप्प बसतात.

मला माहीत आहे, यावर लगेच विचारलं जाईल: जपानमध्ये शाळा बंद होत नाहीत का? होतात. दरवर्षी शेकड्यांनी होतात. शिमानेतलं गोत्सु ते शेजारच्या हिरोशिमातलं मियोशी ही 108 किलोमीटरची सानको रेल्वे 2018 च्या मार्चअखेर कायमची थांबली. पण आधी काय होतं ते बघा. शाळेत दोन इयत्तांची मिळून सोळापर्यंत (त्यात पहिली असेल तर आठपर्यंत) मुलं असली तर त्या एका वर्गात बसतात, बाई दोन्ही फळ्यांवर शिकवतात, आणि यात कोणाला कमीपणा वाटत नाही. बंद करायची वेळ आलीच तर गाडी आधी ठरते, मग कुलूप. ओकी बेटांवरच्या आमा गावचं हायस्कूल पटाअभावी बंद पडायला आलं होतं. गावाने पुढाकार घेतला, मुख्य भूमीवरून मुलं बोलावली, शाळा वाचवली. आमच्या उन्नानमध्येच काकेया भागातल्या हाता गावात शाळा बंद पडली, मग गावातलं दुकानही. तेव्हा लोकांनी शाळेच्याच इमारतीत स्वतःचं दुकान काढलं आणि ते स्वतः चालवतात. हे सगळं माणसं कमी असतानाच झालं.

आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतही एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा निकष आहे आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. म्हणजे सातजणांना दोन गुरुजी ही कोणाची मेहेरबानी नाही. अनेक वाड्यांची मिळून एकच समूह शाळा चांगली असेलही, मोठी इमारत, खेळायला सोबती, सगळं मान्य. पण वरच्या वाडीतली पहिलीतली पोर जुलैच्या पावसात पऱ्या कशी ओलांडणार, याचं उत्तर त्या दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकानेही दिलेलं नाही. एसटीची वस्तीची गाडी तर प्रवासी नाहीत म्हणून केव्हाच बंद झाली.

जपानमध्ये 2008 पासून फुरुसातो नोझेई, म्हणजे गावाकडचा कर, आहे. शहरात कमावणाऱ्याने आपल्या आवडीच्या गावाला देणगी द्यायची, दोन हजार येन सोडून बाकीची रक्कम ठरलेल्या मर्यादेत त्याच्या करातून वजा होते. 2023 च्या आर्थिक वर्षात अशा देणग्या एक लाख कोटी येनच्या पुढे गेल्या. योकोहामासारखी शहरं कुरकुरतात. कुरकुरू देत. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर आहे, आणि त्या शहरात तीन पिढ्या कोकणी माणसाचा घाम आहे. चाकरमान्याच्या करातला थोडासा भाग त्याच्या ग्रामपंचायतीकडे वळवण्याची सोय झाली तर कोणाचं काय बुडणार? मंडळाने भांडायचंच तर यासाठी भांडावं. वर्गणी काढून आपण देवळाचा सभामंडप दोनदा बांधला, आणि वाडीच्या साकवासाठी मात्र निकष सांगतो.

चुलतभावाला हे सगळं मी फोनवर बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तू तिकडे बसून बोलतोस. तुझी पोर कुठच्या शाळेत आहे?"

माझी मुलगी इथल्या शाळेत आहे, तिसरीत. तिच्या वर्गात नऊ मुलं आहेत. ती आली तेव्हा मुख्याध्यापक स्वतः घरी आले होते, शेजारच्या आजींनी तांदूळ आणून दिले, सगळ्यांना आनंद झाला कारण पट एकाने वाढला. जपानच्या 1 ऑक्टोबरच्या जनगणनेत आम्ही तिघं इथे मोजले गेलो. म्हाताऱ्या होत चाललेल्या एका परक्या डोंगराळ गावाला टिकून राहायला जी माणसं हवी आहेत, त्यात आम्ही आहोत, आणि मला ते आवडतं. चोनाइकाईच्या, म्हणजे वस्तीच्या मंडळाच्या, गवत कापायच्या दिवशी मी न चुकता जातो. जे हात संगमेश्वरात लागायला हवे होते ते इथे लागतात. हे मला रोज कळतं. जूमिनह्योवर, म्हणजे रहिवासी दाखल्यावर, माझा पत्ता उन्नानचा आहे आणि आई गावातल्या घरात एकटी आहे. तिला इकडे ये म्हटलं की म्हणते, "मी नाय येणार, इथे दिवा कोण लावणार?"

तेव्हा माझी मुलगी त्या सातांत आठवी असू शकली असती, हे चुलतभावाला म्हणायचं होतं, ते बरोबरच आहे. पण त्याने शाळेची गरज कमी होत नाही. मी गेलो म्हणून जे राहिले त्यांनी पऱ्या पोहून शाळेत जावं, असा न्याय कुठला? माझ्याकडे गावाबद्दल बोलायचा हक्क नाही असं म्हणायचं असेल तर विरारलाही तो नाही. दोघांचंही डोकं 1 मार्चला गावात मोजलं जाणार नाही. मग मुंबईत राहून शाळा बंद करा म्हणता येत असेल, तर शिमानेत राहून ती चालू ठेवा असं मीही म्हणणार.

मंडळाच्या सेक्रेटरींना मी लेखी कळवलं आहे. ठराव आत्ता घेऊ नका. वाडी ते खालची शाळा हे अंतर पावसाळ्यात, पायी, एकदा मोजा. गाडी ठरली नसेल तर तसं ठरावात लिहा. आणि पुढची बैठक दादरला न घेता मेमध्ये गावात घ्या, वरच्या वाडीत, सात मुलांच्या आईवडिलांना बोलावून. दादरच्या बैठकीत त्यांच्यापैकी एकही जण नव्हता.