फोल्डरचं बिऱ्हाड

आपलं बिऱ्हाड हलवायला निदान टेम्पो तरी लागतो. फोल्डरला चार पिक्सेल पुरतात. विंडोजमध्ये बटण दाबलेलं असताना माऊस साधारण तेवढा सरकला की ते 'ड्रॅग' धरलं जातं, आणि 'बिलं' नावाचा फोल्डर शेजारच्या 'लग्नाचे फोटो'मध्ये मुकाट्याने राहायला जातो. (तेव्हाच्या तेव्हा कंट्रोल-झेड दाबा. चहा नंतर.)

पण फोल्डर हलला तेव्हा त्याची खिडकी उघडीच असेल, तर तिने जायचं कुठे?

मॅकचा फाइंडर (फायली दाखवणारा प्रोग्रॅम) यात समंजस. तो फोल्डर ओळखतो तो डिस्कवरच्या क्रमांकावरून. घर बदललं तरी आधार क्रमांक तोच, तसं. खिडकी उघडीच राहते, फायली जागच्या जागी. ऑप्शन-कमांड-पी दाबून तळाची पाथची पट्टी दाखवली, तरच पत्ता बदललेला कळतो. मात्र हे एकाच डिस्कवर. पेनड्राइव्हवर ओढलात तर तिथे नवी प्रत बनते, नव्या क्रमांकाची, आणि खिडकी जुनीलाच धरून बसते. तुम्ही बदल करता एकीत, पाठवता दुसरी.

विंडोजमध्ये फोल्डर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने धरून ठेवला असेल, तर तो मुळात जाऊच देत नाही. 'फोल्डर इन यूज', म्हणजे साहेब जागेवर नाहीत. कोणी अडवलंय ते सांगायची पद्धत नाही. बऱ्याचदा मागे पडलेली कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी त्याच फोल्डरात ठाण मांडून असते. ज्या फोल्डरात प्रोग्रॅम उभा आहे, तो विंडोज त्याच्यासाठी धरून ठेवतं. रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत फोल्डरचं नाव टाका. चोर नावानिशी सापडतो. 'ट्राय अगेन' अकरा वेळा दाबण्यापेक्षा हे बरं.

लिनक्स कोणालाच अडवत नाही, पण टर्मिनलचा (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा) स्वभाव सीएसएमटीला अजून व्हीटी म्हणणाऱ्यांचा. 'पीडब्ल्यूडी', म्हणजे आत्ता कुठल्या फोल्डरात आहोत ते सांगणारी आज्ञा, देऊन विचारा, जुनाच पत्ता ठणकावून सांगेल (खात्याचं नावच तसं). खरा पत्ता हवा तर पुढे 'उणे मोठा पी' जोडावा लागतो.

खरी गंमत सेव्ह करताना. काही एडिटर जुना पत्ता सापडला नाही तर तक्रार करत नाहीत, तिथे त्याच नावाचा नवा फोल्डर बांधतात. मग 'बिलं' दोन: एकात तीन वर्षांचा संसार, दुसऱ्यात फक्त आजची फाईल.