‘बर्क’ या क्रियापदाखाली दडपलेली माणसे

इंग्रजीत ‘बर्क’ असे एक क्रियापद आहे. ते आता क्वचितच वाचनात येते; एखादी चौकशी किंवा गैरसोयीचा प्रश्न गाजावाजा न होऊ देता दडपून टाकणे, असा त्याचा अर्थ. आपण हातापासून ‘हाताळणे’ आणि लाथेपासून ‘लाथाडणे’ केले, तसाच हा नामधातू. मात्र इथले मूळ नाम एका खुन्याचे आडनाव आहे.

विल्यम बर्क आणि विल्यम हेअर हे स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत राहणारे दोघे आयरिश. शरीरविच्छेदनासाठी त्या काळी कायदेशीर मार्गाने फार थोडे मृतदेह मिळत. १८२७च्या नोव्हेंबरात हेअरच्या घरातला एक वृद्ध भाडेकरू भाडे थकवून आजाराने वारला. त्याचा देह त्यांनी डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला साडेसात पौंडांना विकला, आणि पुढे कुणाच्या मरणाची वाट पाहणेच सोडून दिले. वर्षभरात त्यांनी सोळा जणांचा जीव घेतला. माणसाला दारू पाजायची, मग अंगावर भार टाकून नाक-तोंड दाबून धरायचे. जखम दिसत नसे, त्यामुळे देहाला भावही चांगला येई. न्यायवैद्यकात या पद्धतीला ‘बर्किंग’ म्हणतात आणि आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही ती याच नावाने शिकवली जाते.

हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. २८ जानेवारी १८२९ रोजी बर्कला फाशी देताना जमाव ‘बर्क हिम’ असे ओरडत होता, म्हणजे तेव्हाच त्या आडनावाचे क्रियापद झाले होते. १८३२च्या शरीरशास्त्र कायद्याने देह मिळवण्याची रीतसर सोय केली.

मराठीतले ‘दडपणे’ही वजन टाकून दाबण्यावरूनच ‘प्रकरण दडपण्या’पर्यंत आले, पण त्याने कुणा खुन्याचे नाव जपलेले नाही. बर्कचे नाव कोशात राहिले आणि त्या सोळा बळींपैकी मेरी पॅटरसन किंवा अठरा वर्षांचा जेम्स विल्सन मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याहून खटकते ते हे, की या क्रियापदाचा लाक्षणिक अर्थ बर्कला नव्हे, तर नॉक्स यांना अधिक लागू पडतो. जेम्सला सारे शहर ओळखत असे. विच्छेदनाच्या टेबलावर काही विद्यार्थ्यांनी त्याला ओळखल्याचे सांगतात, आणि नॉक्स यांनी ते साफ नाकारले. हा देह आला कुठून, हा प्रश्न तिथेच दडपला गेला. नॉक्स यांच्यावर खटला कधीच भरला गेला नाही.