बासनात बांधलेला कागद सुरक्षित नसतो

सांगली-मिरजेच्या इतिहासप्रेमींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुनी दप्तरे, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे संग्रह, सामान्य लोकांना खुली करू नयेत, ऑनलाइन तर टाकूच नयेत. कागद खराब होतील, ते ज्या जुन्या लिपीत आहेत ती मोडी तशीही कुणाला येत नाही, जमिनीचे खोटे दावे उभे राहतील आणि इतिहासाची मोडतोड होईल, असे त्यात म्हटले आहे. हेतू चांगला असेल, पण हे म्हणणे तपासून पाहिले की टिकत नाही.

कागद खराब होण्याचेच आधी बघू. जुना हातकागद दणकट असतो आणि काजळाची शाई सहसा फिकी पडत नाही. त्याचे खरे वैरी ओल आणि कसर. वर्षानुवर्षे न सोडलेल्या रुमालात, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यात, कसर पानांना आरपार भोके पाडते. ओलीने पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेले की अक्षरांसकट पापुद्रे निघतात. पुराचे पाणी शिरले तर काजळाची शाई पसरते, ओळीच्या ओळी जातात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली, ती वाचकांनी हाताळली म्हणून नव्हे. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल. एखाद्या वतनाच्या सनदेची किंवा गावच्या जमाखर्चाची कुठून आणणार? 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या शहरात एकुलती एक प्रत एकाच खोलीत कोंडून ठेवणे, याला मी जपणूक म्हणणार नाही. नीट स्कॅन झाले की मूळ कागदाला हात लावायची वेळही क्वचितच येते.

मोडी जाणणारे थोडे आहेत, हे खरे. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचकांची केवढी शोधाशोध झाली! पण त्याच नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या आणि लोक घरबसल्या आपल्या गावाचे, पणजोबांचे नाव शोधू लागले. नुसती वर्णमाला गिरवून कारकुनी हातची धावती मोडी वाचता येत नाही. त्यासाठी अस्सल कागदांचा सराव लागतो, आणि तेच आपण कपाटात ठेवायचे?

जमिनीच्या दाव्यांचे म्हणाल, तर मोबाइलवरच्या फोटोने जमीन कुणाच्या नावावर होत नाही, प्रमाणित नक्कल लागते. उलट बनावट सनद खपते ती ताडून पाहायला अस्सल मिळत नाही म्हणून. माथ्यावरचा शिक्का, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याची मुद्रा, हे सारे शेजारी ठेवून पाहता आले की लबाडी लवकर उघडी पडते.

इतिहासाच्या मोडतोडीचा मुद्दा मात्र मला मनापासून खटकतो, कारण तो मिरजेतून यावा हे दुःखद आहे. इथल्याच शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी इथल्या पटवर्धन संस्थानिकांच्या दप्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून छापून लोकांपुढे ठेवली. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा, त्यातली पानिपतच्या काळातली पत्रे वाईला सापडलेली. ती छापली गेली म्हणूनच आज कुणी पानिपताबद्दल काहीबाही लिहिले तर पत्राचा क्रमांक देऊन खोडता येते. आणि साताऱ्यात इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी जमवलेला जुन्या कागदपत्रांचा संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याच्या विद्यार्थ्याला तो आपल्या गावी बसून बघायचा असेल, तर स्कॅनवाचून दुसरा मार्ग कोणता?

मेसेजात नसलेली एक काळजी मात्र रास्त आहे. दवाखान्याच्या नोंदी, हयात माणसांचे खासगी तपशील ठरावीक काळ बंदच राहावेत. पण बंद काय आहे, याची यादी तरी लोकांना दिसावी. अभिलेखांची सूची ठेवण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 ने कार्यालयांवर 2005 पासूनच घातले आहे. खासगी संस्थांनी आणि घरी दप्तर असलेल्या कुटुंबांनीही तेवढ्यापासून सुरुवात करावी: रुमाल क्रमांक, सन, गाव, विषय. या चार रकान्यांना साधी वही पुरते.