टोकेलाऊत कुणी आपली वाट बघत बसलेलं नाही

'प्रशांत महासागरातला स्वर्ग! टोकेलाऊ देशाला माणसं हवी आहेत. जमीन आणि नागरिकत्व मोफत. शंभर टक्के सौर वीज. वेबसाइटची नावं देऊन देश श्रीमंत झालाय. 2030 ला बुडणार, त्याआधी चला!' हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी सोडून दिला असता, पण परवा आतेभावानं कुठल्याशा एजंटाची 'फाइल फी' भरायला माझ्याकडेच पैसे उसने मागितले. बुडणाऱ्या बेटावर जमीन कशाला घ्यायची, एवढं विचारायचंही घरात कुणाला सुचलं नव्हतं.

आधी जमिनीचं. टोकेलाऊ म्हणजे सामोआच्या उत्तरेला सुमारे पाचशे किलोमीटरवर असलेली तीन प्रवाळ कंकणं, म्हणजे उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली बेटं: अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. तिन्हींची जमीन मिळून बाराएक चौरस किलोमीटर, तीही शंभरावर बारीक तुकड्यांत. ती कुळांच्या सामाईक मालकीची आहे; आपल्याकडच्या भावकीच्या सातबाऱ्यासारखी, फक्त बाहेरच्याला विकण्याची सोयच नाही. गावाचा कारभार 'तौपुलेगा' ही ज्येष्ठांची सभा बघते. पाहुणा म्हणून जायचं तरी आधी परवानगी लागते. मासेमारीहून होड्या परतल्या की 'इनाती' पद्धतीनं मासे घराघरांत वाटले जातात, ज्या घरातून कुणी समुद्रावर गेलं नसेल त्यालाही. तिथं पोट भरतं ते नात्यातून आणि गावाच्या वाट्यातून. ज्याचं कूळच तिथं नाही, त्याला हा वाटा कुठून मिळणार?

आणि 'माणसं हवी आहेत'? 2016 च्या जनगणनेत टोकेलाऊची लोकसंख्या जेमतेम दीड हजार होती, तर 2018 च्या मोजणीत न्यूझीलंडमध्ये स्वतःला टोकेलाऊवासी म्हणवणारे साडेआठ हजारांवर निघाले. शिक्षण, नोकरी, दवाखाना यांसाठी माणसं बाहेर पडतात. गेलेल्यांचा जमिनीवरचा हक्क मात्र सुटत नाही. लोक कमी म्हणजे जागा मोकळी, हा हिशेब मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातला.

नागरिकत्वाचा मुद्दा तर धडधडीत खोटा. टोकेलाऊ स्वतंत्र देशच नाही, तो न्यूझीलंडच्या अखत्यारीतला प्रदेश आहे. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय अजून स्वशासन न मिळालेल्या प्रदेशांवर दरवर्षी टिपण काढतं, त्यात टोकेलाऊचं टिपण असतं. ज्याला शंका असेल त्यानं तेवढं वाचावं. न्यूझीलंडशी मुक्त सहयोगातलं स्वशासन (कारभार आपला, पण न्यूझीलंडशी नातं कायम) घ्यायचं का, यावर 2006 आणि 2007 मध्ये सार्वमत झालं. दोन तृतीयांश मतं हवी होती. दुसऱ्या खेपेला 692 पैकी 446 जणांनी हो म्हटलं आणि 16 मतांनी प्रस्ताव पडला. तिथले लोक 1948 च्या कायद्यानं न्यूझीलंडचे नागरिक आहेत. टोकेलाऊचा वेगळा पासपोर्ट नाही, मग एजंट फी घेतोय ती कशाची?

पोचायचं कसं, हेही मेसेजात नाही. विमानतळ नाही. सामोआची राजधानी आपिया, तिथून बोटीनं दिवसभराहून जास्त वेळ लागतो, मग प्रवाळाच्या कडेपाशी लहान होडीत उतरायचं. नदी नाही, ओढा नाही. छतावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून प्यायचं. 2011 च्या ऑक्टोबरात पाऊस लांबला तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली, पाणी जहाजानं आणलं गेलं. हा स्वर्ग.

सौर वीज? बरं, हे खरं आहे. 2012 मध्ये तिन्ही बेटांवर सौर पॅनल बसले. त्याआधी वर्षाला दोनेक हजार पिंपं डिझेल जाळलं जायचं. काम कौतुकाचंच. पण त्याला न्यूझीलंडचा पैसा लागला, आणि पुढे विजेची मागणी वाढली तशी डिझेलची जोडही परत घ्यावी लागली. 'शंभर टक्के' हे तेव्हाच्या बातमीचं शीर्षक आहे.

वेबसाइटची नावं म्हणजे 'डॉट टीके', टोकेलाऊच्या वाट्याला आलेलं वेबपत्त्याचं शेपूट (आपलं 'डॉट इन' तसं). ही नावं एका डच उद्योजकाची कंपनी फुकट वाटायची. कोट्यवधी नावं गेली, त्यांत फसवणुकीच्या साइटची रेलचेल होती. 2023 मध्ये फेसबुकवाल्या मेटानं त्या कंपनीवर दावा ठोकला आणि पुढे कंपनीनं हा धंदाच सोडला. टोकेलाऊला त्यातून काही उत्पन्न मिळालं, श्रीमंती नव्हे. खरी कमाई समुद्रातून होते. या बेटांच्या हक्काचा सागरी पट्टा सव्वातीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून जरा मोठाच. तिथं ट्यूना मासे पकडायला येणाऱ्या परदेशी जहाजांकडून परवाना शुल्क मिळतं. त्याच्या जोडीला न्यूझीलंडची मदत. यावर कारभार चालतो.

राहिलं 2030. बुडण्याची अशी तारीख ठरलेली नाही. धोका खराच आहे, जमीन समुद्रापासून फार तर पाचएक मीटर उंच. पण त्रास बुडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो: 2005 मध्ये पर्सी चक्रीवादळात लाटा गावांत घुसल्या, घरांचं आणि पिकांचं नुकसान झालं. त्यावर 'त्याआधी चला' म्हणणाऱ्याला मी काय बोलू? आतेभावाला पैसे दिलेले नाहीत.