सू, सू, सिन्योरा!

शिट्टी वाजली तेव्हा वाटलं, कुणाचं तरी पाकीट मारलं. सगळ्यांनी आधी आपापल्या पर्सा चाचपल्या. शिट्टी आमच्याच सासूबाईंसाठी आहे हे जरा उशिरानेच कळलं. गुन्हा काय, तर त्या पायरीवर टेकल्या होत्या.

रोमच्या स्पॅनिश स्टेप्स. एकूण 135 पायऱ्या. वरच्या चर्चपासून उतरायला लागलो आणि निम्म्यावर सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शिवाय आमच्याकडे देवळातून निघताना पायरीवर क्षणभर टेकायचंच असतं. त्या टेकल्या.

कडक इस्त्री, काळा गॉगल, असा एक पोरसवदा पोलीस पुढ्यात येऊन दोन्ही हात खालून वर नाचवत म्हणाला, "सू, सू, सिन्योरा!"

इटालियनमध्ये 'सू' म्हणजे वर, उठा. हे आम्हाला नंतर कळलं. सासूबाई लाजून लालबुंद झाल्या. "नाही रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "आत्ताच जाऊन आले. एक युरो घेतला मेल्यांनी."

"सू!" पोलीस.

"अरे, नाही म्हटलं ना! चारचौघांत काय विचारतोस?"

त्याने पुन्हा शिट्टी फुंकली. आता सासूबाईंना त्याची दया आली. पोर सकाळपासून उन्हात उभं आहे, दमलंय. त्या पदर आवरून थोड्या सरकल्या आणि शेजारच्या दगडावर हात थोपटून म्हणाल्या, "बस जरा. पाणी देऊ?"

हा सोहळा चालू असताना माझा नवरा कुठे होता? चर्चच्या घड्याळाचा फोटो काढत होता. या बाई त्याच्या कुणी लागतात असं कुणाच्या बापाला वाटलं नसतं. त्याचा स्वतःचा बाप, म्हणजे अप्पा, मोबाइलवर दंड शोधत होते. 2019 पासून या पायऱ्यांवर बसायला बंदी, दंड 250 युरो. "पंचवीसेक हजार," असं पुटपुटून अप्पांनी सासूबाईंना ज्या चपळाईने उठवलं, ती मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

गंमत बघा. पायऱ्या बांधल्या 1723 ते 1725 मध्ये फ्रेंच माणसाने मागे ठेवलेल्या पैशांतून, नाव मिळालं खालच्या चौकातल्या वकिलातीमुळे स्पेनचं, आणि दंड घेणार रोम! दगड झिजतात, लोक आइस्क्रीम सांडतात, कबूल. पण मग एखादं बाकडं ठेवा की! तिथेच पाच पायऱ्या खाली एक तरुण गुडघा टेकून अंगठी पुढे करत होता, त्याला मात्र टाळ्या. गुडघा टेकलेला चालतो, बूड नाही.

सकाळी कलोसियममध्ये गाइड अभिमानाने सांगत होता, इसवी सन 80 मध्ये इथे जवळपास पन्नास हजार लोक बसायचे, तेही फुकट. आम्ही हे दोन तास उभ्याने ऐकलं.

कॉफीचंही तेच. काउंटरपाशी उभ्याने घेतली तर दीड युरो, तीच कॉफी खुर्चीत बसून प्यायली तर चार. कप तोच, दूध तेच. वरचे अडीच युरो बुडाचे.

शेवटी जेवायला बसलो. सासूबाईंसाठी 'मांस नको' असं तीनदा सांगितल्यावर ट्यूना घातलेलं सॅलड आलं. मासा म्हणजे मांस नव्हे, असं वेटरचं म्हणणं. आमच्या कोकणातल्या आत्याही हेच म्हणतात, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. मग बिल आलं. अप्पांनी चष्मा लावून वाचलं, "पाने, चार. दहा युरो. विडे कुणी मागवले?"

पाने म्हणजे पाव. न मागता टेबलावर आलेली टोपली. ताट-टेबलाचे वेगळे पैसे लावायला रोमच्या प्रांतात बंदी आहे, पण पावाचे लावता येतात. झालं!

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग उरलेल्या पावाचे तुकडे टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकले, चपला काढल्या आणि खुर्चीतच मांडी घातली. वेटर टेबल पुसून गेला, मग खुर्च्या सरकवून गेला.

"आई, उठायचं ना?" मी विचारलं.

"दहा युरो दिलेत," त्या म्हणाल्या. "सहापर्यंत बसणार."