‘एकदा लावा, विसरून जा’: गोव्याच्या पावसाला हे कोण सांगणार?

मे संपत आला, नर्सरीत रोपांसाठी गर्दी सुरू झाली, की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून एक संदेश हमखास फिरतो. ‘मोसमी फुलझाडं दर वर्षी लावायची कटकट कशाला? बारमाही झाडं एकदा लावा आणि विसरून जा,’ अशी सुरुवात आणि खाली सात नियम. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही. कोरड्या हवेच्या गावी त्यातले दोन-तीन नियम खपूनही जातील. पण गोव्यात चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मग मेपर्यंत जवळजवळ कोरडं. इथे नवख्याच्या हातून झाड तहानेनं मरतं त्यापेक्षा जास्त वेळा मुळाशी तुंबलेल्या पाण्यानं मरतं. सातातले काही नियम नेमकं तेच पाणी तुंबवतात. म्हणून एकेक घेऊ.

‘बारमाही म्हणजे कायमचं’

बारमाही म्हणजे दोन वर्षांपेक्षा जास्त जगणारं झाड, एवढंच. किती जास्त, हे ज्याचं त्याचं. चाफा, कण्हेर, जास्वंद माणसाच्या दोन पिढ्या बघतील. अबोली मात्र दोन-तीन वर्षं भरभरून फुलते, मग खोड लाकडासारखं होतं, तुरे आखूड पडतात आणि फातीपुरतीही, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यापुरतीही, फुलं मिळेनाशी होतात. तिची नवी रोपं हाताशी असायलाच हवीत. फुलून गेलेले तुरे एरवी खुडून टाकावेत, नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते. पण बियाण्यासाठी दोन-चार तुरे ठेवून पूर्ण वाळू द्यावेत. वाळलेल्या तुऱ्यावर पाण्याचे थेंब टाका, मिनिटाभरात बोंडं टचटच फुटून बी उडू लागतं. त्यामुळे हे काम परातीत करायचं, अंगणात नाही.

अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचाही, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींचाही, फार त्रास. झाड कारण नसताना खुरटलं आणि उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या, तर त्याच जागी पुन्हा अबोली लावू नका. एक हंगाम झेंडू लावा आणि पुढच्या लावणीला खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड घाला.

सदाफुली नावापुरतीच सदा. आपल्या जुलैत ती बुंध्याशी काळी पडून कुजते. मेच्या शेवटी चार बोटं लांबीच्या कोवळ्या फांद्या काढून, खालची पानं खुडून, ओलसर रेतीत लावा आणि छपराखाली ठेवा. जुनं झाड गेलं तरी सप्टेंबरात नवं तयार.

‘पानं मान टाकतात म्हणजे पाणी कमी, सकाळ-संध्याकाळ घाला’

या एका नियमानं सगळ्यात जास्त झाडं जातात. मुळं कुजली की ती पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं लोंबतात. वरून दिसणारं दुखणं तहानेसारखंच असतं. बघणारा आणखी तांब्याभर ओततो आणि उरलीसुरली मुळंही जातात.

आधी बोट घाला, दोन पेरं खोल. माती कोरडी आणि पानं मलूल, तर पाणी द्या. माती ओली आणि तरी पानं मलूल, तर पाणी बंद करून झाड कुंडीतून उलटं काढा. निरोगी मूळ पांढरट, टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी दिसतं, त्याला गटारासारखा वास येतो आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निसटून हातात येते, आत नुसता दोरा राहतो. असली मुळं स्वच्छ कात्रीनं काढून टाका, वरच्या फांद्या एक तृतीयांश कमी करा आणि झाड नव्या, जेमतेम ओलसर मातीत लावून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. या काळात खत अजिबात नाही. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाडाची आशा सोडा आणि वरच्या हिरव्या फांद्यांची कलमं करा.

मग किती घालायचं? १२ इंची कुंडीला एका वेळी साधारण एक ते दीड लिटर, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत, आणि पुढचं पाणी वरची दोन पेरं माती सुकल्यावरच. एप्रिल-मेच्या उन्हात हे रोज होईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन-तीन दिवसांआड. रोज कपभर शिंपडल्यानं वरची माती ओली दिसते, तळ कोरडाच राहतो आणि मुळं वरच्या थरातच घुटमळतात.

पावसात उघड्यावरच्या कुंडीला पाणी नको हे सगळ्यांना कळतं. पण बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, छपराच्या आत ठेवलेली कुंडी ऐन जुलैत सुकून मरते. बाहेर धो धो चाललेलं असतं, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. दोन वीत पुढे, पागोळ्यांच्या रेषेत ठेवलेल्या कुंडीची गत उलटी: धार एकाच जागी आपटून माती उडते, मुळं उघडी पडतात. कुंडी एकतर आत घ्या, नाहीतर त्या रेषेच्या पार बाहेर.

बोगनवेलीला तर रोजचं पाणी म्हणजे शिक्षाच. तिला फूल धरायला थोडा ताण लागतो. पाऊस सरल्यावरही पाणी चालू ठेवलं की पानांचा हिरवागार भारा होतो आणि रंगाचा पत्ता नाही. नोव्हेंबरपासून पानं किंचित मलूल झाल्यावरच तिला पाणी द्या.

आणि पाणी कुठलं, हेही बघा. खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीलगतच्या, विहिरी एप्रिल-मेत मचूळ होऊ शकतात. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी आणि मातीवर पांढरी साय दिसली की खाराचा संशय घ्या, ‘पाणी कमी पडलं’ म्हणू नका. वरची साय खरवडून काढा, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून खार तळातून धुऊन काढा आणि पाऊस येईपर्यंत त्या झाडाला नळाचंच पाणी द्या. मातीत मिसळायची रेतीही खाडीची असेल तर आधी तीन-चार पाण्यांनी धुवा. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू तर आणूच नका.

‘कुंडीच्या तळाशी चार बोटं खडी घाला, पाणी झटकन जातं’

हा गैरसमज इतका जुना आहे की नर्सरीवालेही तो सांगतात. भिजलेला स्पंज ताटलीवर आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा: पुन्हा पाणी गळेल. मातीचंही तसंच आहे. बारीक माती आपल्या तळाशी काही बोटं पाणी धरून ठेवते. खाली खडी असली तरी ते पाणी मातीतून खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, वरच अडतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा थर चार बोटं वर, मुळांच्या आणखी जवळ आला आणि कुंडीची उंचीही वाया गेली.

भोकावर कौलाचा एक तुकडा पालथा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी, बस. उपाय खालच्या खडीत नाही, सबंध मातीत आहे. आपली तांबडी माती भिजली की आवळून बसते. तिचे दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, जाड रेती एक भाग आणि भाताचं तूस किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा एक भाग, असं मिश्रण करा. मूठ वळा, बोटानं टोचा: सहज फुटली पाहिजे. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, कारण गिलाव्याच्या जमिनीवर ती घट्ट बसली की भोक बंदच होतं. पावसाळ्यात खालची ताटली काढून टाका.

‘जमिनीत दीड-दोन फूट खड्डा काढा आणि शेणखतानं भरा’

खाली चिरा (जांभा दगड) लागणाऱ्या जागेत असा खड्डा म्हणजे दगडी टाकी. आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं. रोप लावण्याआधी खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी मोजा. तासाला इंचभर उतरली तर ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खड्ड्याचा नाद सोडा. जमीन कुदळीनं सैल करून वर वीतभर उंचीचा, दोन-अडीच फूट रुंद उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. शेणखत मातीत एकाला चार या प्रमाणात मिसळा. नुसतं खत भरलं तर ते कुजत दबतं, रोप खाली बसतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. पिशवीत माती जिथवर होती, तिथवरच बाहेरही. वाळक्या पानांचं आच्छादन चांगलंच, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. पावसात त्याच्याखाली गोगलगायी दडतात.

जूनमध्ये लावा, हे मात्र संदेशात बरोबर आहे. जास्वंद, तगर, पिटकुळी (इक्झोरा) यांच्या फांद्या त्या दमट हवेत पटकन मुळं धरतात.

‘चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळ्याच्या साली: आणखी काही लागत नाही’

दूध-साखरेच्या चहाचा चोथा कुंडीत टाकला की मुंग्या येतात. मुंग्या आल्या की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी, कापसासारखी कीड, वाढतो: मुंग्या त्याचा गोड पाझर खातात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. कळ्या चिकट होऊन गळायला लागतात आणि मग पुढचा संदेश विचारतो, ‘जास्वंदीची कळी का गळते?’ चोथा घालायचाच तर दोनदा धुऊन, वाळवून, तोही कंपोस्टमध्ये. पिठ्या दिसलाच तर आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली सौम्य द्रवसाबण घोटून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. आभाळ भरलेलं असेल तर फवारणी फुकट.

टरफलांचे तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात, पूड केली तरी हळूच विरघळते. शिवाय पिटकुळी आणि अनंत यांना आम्लीय मातीच आवडते. त्यांना चुना किंवा टरफलांची पूड नकोच. या दोघांची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की भिंतीकडे बघा. नव्या गिलाव्यातून झिरपणाऱ्या चुन्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही. कुंडी असेल तर ती भिंतीपासून हलवा. हेच पिवळेपण जुन्या पानांवर आलं तर मॅग्नेशियमची उणीव; मातीतलं मॅग्नेशियम पावसानं धुपून जातं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम एप्सम सॉल्टची (मॅग्नेशियम सल्फेटची) पानांवर फवारणी तेवढ्यापुरती उपयोगी. पण एप्सम सॉल्ट म्हणजे फुलांचं टॉनिक नव्हे.

खरी भूक लागते ती पावसानंतर. मातीतलं नत्र आणि पालाश वाहून गेलेलं असतं. म्हणून मेमध्ये वर्षभराचं खत एकदम ओतू नका. ऑक्टोबर ते मे दर दीड महिन्याला, १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड, वरची माती खुरपून मिसळायची आणि लगेच पाणी.

‘दिवाळीनंतर सगळी झाडं एकसाथ छाटा’

सगळी नाही. जास्वंद पाऊस ओसरल्यावर एक तृतीयांश छाटली तर नव्या फुटव्यांवर कळ्या येतात. मोगऱ्याला नोव्हेंबरच्या अखेरीस जमिनीपासून दीड फुटावर कापायचं, आधी आठ-दहा दिवस पाणी तोडून. उन्हाळ्यातला बहर त्यातून येतो. बोगनवेल प्रत्येक बहर संपल्यावर हलकी. चाफ्याला वाळकी फांदी काढण्यापलीकडे हात लावू नका. ऐन पावसात मोठे काप घेऊ नका, ओल्या जखमेतून बुरशी शिरते.

‘सुकलेली कुंडी अडवून ठेवू नका, टाकून द्या’

हळदीच्या पानांत पातोळ्या करून झाल्या, डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून आडवी झाली, की झाड मेलं असं वाटतं. ते मेलेलं नाही, जमिनीखाली झोपलंय. मेमध्ये तांबड्या गोळ्यासारखी फुलणारी लिली आणि कळलावी यांचीही हीच रीत. पानं सुकायला लागली की पाणी कमी करत न्या, पूर्ण वाळल्यावर बंद करा आणि कुंडी छपराखाली ठेवून तिच्यावर झाडाचं नाव लिहा. या दिवसांत दयेपोटी घातलेलं पाणी गड्डा कुजवतं. एप्रिलच्या शेवटी किंवा पहिल्या पावसाला कोंब दिसला की मगच पाणी सुरू. कळलावी मात्र सगळीच विषारी आणि गड्डा सर्वांत जास्त. तो काढून ठेवायचा झाला तर वेगळ्या डब्यात, नाव लिहून, स्वयंपाकघरातल्या हळदीच्या गड्ड्यांपासून लांब.