पोराने हो म्हटलं, आईचं काय?

गुडघा आईचा, ऑपरेशन आईचं, आणि ‘दुखलं तरी वाकवा, ऐकू नका तिचं’ हे सांगणारा मुलगा बोटीवर, व्हिडिओ कॉलवर! फोंड्यात फिजिओथेरपी करताना हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग यायचाही कंटाळा आलाय.

मुलाची काळजी खोटी नाही. सांधा बदलल्यावर गुडघा वेळेत वाकवला नाही तर आखडतो, आणि वाकवताना दुखतंच. पण किती सोसायचं ते कुणी ठरवायचं? आजी उताण्या, टाच गादीवरून सरकवत जवळ आणायची. ऐंशी अंशांच्या आसपास चादर मुठीत येते, श्वास अडकतो. “पुरो गो बाय!” इथे माझा हात थांबायलाच हवा. मग सांगायचं, आणखी एवढं वाकलं तर जिना चढणं सोपं जाईल. आज नको तर बर्फ लावून उद्या बघू. पुष्कळदा आजीच म्हणतात, बरं, बघ आणखी थोडं.

पहिल्या दिवशी फॉर्मवर सही घेतली की झालं, असं आमच्यातल्याही अनेकांना वाटतं. अहो, आमचं कामच अंगाला हात लावून चालतं. सोमवारच्या सहीवर गुरुवारी न विचारता कमरेवरचा कपडा सरकवता येत नाही.

आणि नातेवाइकांच्या होकाराचं म्हणाल, तर समीरा कोहली खटल्याचा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईच्या होकारावर काढले होते. न्यायालयाने तो होकार मानला नाही. पेशंट सज्ञान, जीवावर बेतलेलं नाही, मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं. आमच्या आजी तर शुद्धीवर आहेत, चांगल्या भांडतातसुद्धा!

मानेचा ‘कट्ट’ आवाज काढणाऱ्या रील्सचं तर बोलायलाच नको. अशा झटक्याने मानेतल्या धमनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. फार क्वचित, पण होऊ शकतो. हे न सांगता झटका देणं मला बेदरकारपणा वाटतो. त्यात पेशंट पालथी, पाठ उघडी, आणि कुणीतरी मोबाइल रोखून विचारतोय, “काकू, व्हिडिओ काढू ना?” त्या अवस्थेत काकू नाही कशी म्हणणार? विचारायचंच तर आधी विचारा, काकू खुर्चीत बसलेल्या असताना. ‘नको’ म्हणाल्या तर मोबाइल खिशात.